दम्याचा झटका ओसरल्यावर घरचे पहिले पंधरा दिवस

दवाखान्यात नेब्युलायझर लावला, इंजेक्शन झालं, दोन-तीन तासांत धाप बसली आणि पेशंट घरी आला. घरच्यांना वाटतं, सुटलो. पण श्वासनळ्या अजून सुटलेल्या नसतात. झटक्यात तीन गोष्टी एकदम होतात: नळीभोवतीचे स्नायू आवळतात, नळीचं आतलं अस्तर सुजतं आणि चिकट कफ साठतो. आवळलेले स्नायू साल्ब्युटामॉल या औषधाने पाच-दहा मिनिटांत सैल पडतात, म्हणून लगेच मोकळं वाटतं. सूज आणि कफ मात्र काही दिवस, कधी काही आठवडे रेंगाळतात. त्या काळात नळ्या नुकती खपली धरलेल्या जखमेसारख्या असतात. एरवी ज्या फोडणीने नुसता ठसका लागला असता, तिनेच पुन्हा छाती भरून येते.

म्हणून हे पंधरा दिवस बरं वाटण्यावर विसंबायचं नाही. औषध ठरलेले दिवस घ्यायचं, पंप (इन्हेलर) नीट ओढायचा, घरातला धूर आणि ओल हटवायची आणि बिघडायला लागलं तर ते लवकर ओळखायचं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून ते आधी घेतो.

यातलं काही दिसलं तर घरी थांबू नका

- बोलताना वाक्य पुरं होत नाही, दोन-तीन शब्दांनी श्वास घ्यायला थांबावं लागतं.
- आराम देणारा पंप (साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉलचा) घेऊन फरक पडत नाही, किंवा पडतो पण तीन-चार तासांच्या आत पुन्हा लागतो.
- गळ्याच्या खालची खळगी आणि बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जाते. लहान मुलांत नाकपुड्या फुलतात, दूध किंवा पाणी पिता येत नाही.
- मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला २५ किंवा त्याहून जास्त आहे. छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजा. पेशंटला सांगून मोजू नका, सांगितलं की श्वास बदलतो.
- बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आकडा ९४ च्या खाली येऊन तिथेच राहतो. ९२ च्या खाली गेला तर एक मिनिटही दवडू नका.
- ओठ किंवा नखं निळसर, काळपट दिसतात, पेशंट गुंगीत जातो, भलतंच बोलतो, किंवा फार थकून गप्प होतो.

घरघर ऐकू येणं थांबलं आणि माणूस मात्र अजून कासावीस आहे, ही सगळ्यात फसवी खूण. आवाज येण्यासाठी नळीतून हवा जावी लागते. हवाच जाईनाशी झाली की छाती शांत होते. घरच्यांना वाटतं आता झोप लागली, आणि तिथेच घात होतो.

असं झालं तर १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत पेशंटला आडवं करू नका. खुर्चीवर बसवा, समोर टेबल किंवा उशांचा ढीग द्या आणि हात त्यावर टेकवून थोडं पुढे झुकू द्या. शर्टाचं वरचं बटण, साडीची किंवा ओढणीची आवळ सैल करा. आराम देणारा पंप स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या पोकळ नळीतून) एका वेळी एक पफ, म्हणजे एक फवारा, असा द्या, दोन पफांत अर्धा ते एक मिनिट ठेवा, मोठ्या माणसाला असे दहा पफांपर्यंत चालतात. दहा मिनिटांत गाडी आली नाही आणि आराम नाही, तर तेच पुन्हा करा. पाच वर्षांखालच्या मुलाला आधी दोन पफ द्या, वीस मिनिटांनी गरज असेल तर पुन्हा दोन. पहिल्या दोन तासांत सहाहून जास्त पफ लागले तर दवाखाना गाठायचा. पण मूल वरच्या खुणांपैकी एखादी जरी दाखवत असेल तर वीस मिनिटांची वाट बघायची नाही. निघा, आणि वाटेत पफ देत राहा.

रात्री अडीचला डॉक्टरांना कशाला त्रास द्यायचा, सकाळी बघू, असं म्हणून दुखणं अंगावर काढण्याची आपली सवय इथे महागात पडते. पहाटे दोन ते सहा हा दम्याचा वाईट वेळ. श्वासनळ्या रोजच त्या वेळी थोड्या आक्रसतात.

दवाखान्यातून निघताना कागद वाचून घ्या

घाईत घेतलेला कागद घरी आल्यावर कुणालाच उमगत नाही. गेटबाहेर पडण्याआधी पाच गोष्टी विचारा आणि घरच्या भाषेत त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवा: गोळ्या किती दिवस आणि दिवसाच्या कुठल्या वेळी, रोजचा पंप कोणता, किती पफ, आराम देणारा पंप कोणता आणि जास्तीत जास्त किती, परत कधी दाखवायचं, बिघडलं तर रात्री कुठे जायचं.

दोन पंपांतला फरक नीट कळला नसेल तर घरी गोंधळ होतो. साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉलचा पंप आराम देतो, त्याचा परिणाम चार ते सहा तास टिकतो, सूज मात्र उतरत नाही. ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी एक स्टिरॉइड असलेला रोजचा पंप सूज उतरवतो, पण ओढल्या ओढल्या काही जाणवत नाही. म्हणूनच पेशंट हाच पंप आधी सोडतो. बरेच जण वर्षानुवर्षं नुसत्या साल्ब्युटामॉलवर दिवस ढकलतात. २०० पफांचे तीन किंवा जास्त पंप वर्षाला संपत असतील तर पुढचा झटका येण्याचा धोका वाढलेला असतो, आणि महिन्याला एक संपत असेल तर जिवाचा धोका. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून नुसत्या साल्ब्युटामॉलवर दमा सांभाळणं बंद करायला सांगितलं आहे. घरात रिकामे पंप किती पडलेत ते एकदा मोजा, उत्तर तिथेच मिळेल.

काहींना फॉर्मोटेरॉल आणि ब्युडेसोनाइडचा एकच पंप रोजचा आणि आरामाचा असा दोन्हींसाठी दिलेला असतो. ही चांगली पद्धत आहे, पण डॉक्टरांनी तशी सांगितली असेल तरच. दिवसाचा वरचा आकडा त्यांच्याकडून लिहून घ्या. सालमेटेरॉल असलेला पंप मात्र धाप लागल्यावर पुन्हा पुन्हा ओढायचा नसतो. त्याचा असर उशिरा सुरू होतो.

स्टिरॉइडच्या गोळ्या

मोठ्या माणसाला साधारणपणे प्रेडनिसोलोन दिवसाला ४० ते ५० मिलिग्रॅम, ५ ते ७ दिवस देतात. मुलांना वजनाच्या किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ४० मिलिग्रॅम, ३ ते ५ दिवस. तुमच्या कागदावर जे लिहिलंय तेच धरायचं; हे आकडे एवढ्यासाठी, की एकदम चार गोळ्या बघून घाबरून कुणी दोनच घेऊ नये.

सगळा डोस सकाळी नाश्त्यानंतर एकदम घ्या. संध्याकाळी घेतला तर रात्रभर डोळा लागत नाही. उपाशीपोटी घेतला तर जळजळ होते. पहिल्या गोळीचा गुण दिसायला चार ते सहा तास लागतात, तेवढा वेळ काहीच फरक नाही म्हणून दुसरी घेऊ नका.

कोर्स बिघडतो तो तिसऱ्या दिवशी. त्या दिवशी माणसाला छान वाटतं, भूक लागते, आणि 'स्टिरॉइड वाईट' हे कुणीतरी कानावर घातलेलं असतं. गोळी बंद होते. सूज अर्धीच उतरलेली असते, चौथ्या-पाचव्या रात्री पुन्हा दवाखाना. ५-७ दिवसांचा कोर्स हळूहळू कमी करत आणावा लागत नाही, ठरलेल्या दिवशी तसाच थांबतो. दोन-तीन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ गोळ्या चालल्या असतील तर मात्र अचानक थांबवायच्या नाहीत.

या दिवसांत भूक वाढते, चिडचिड होते, चेहरा थोडा सुजल्यासारखा वाटतो. हे जातं. मधुमेह असेल तर दुपारनंतर साखर चढते, म्हणून जेवणाआधी आणि संध्याकाळी तपासा आणि खूप वर गेली तर डॉक्टरांना कळवा. गोळी विसरलात तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका. आणि एक कळकळीचं: उरलेल्या गोळ्या पुढच्या खोकल्यासाठी जपून ठेवू नका, मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणूही नका. वर्षातून दोन-तीन कोर्स झाले तरी हाडं, साखर, डोळे यांवर परिणाम साठत जातो. कोर्स वारंवार लागतोय याचा अर्थ रोजचा पंप कमी पडतोय किंवा चुकीचा ओढला जातोय.

पंप: इथे अर्धं औषध वाया जातं

नुसता पंप तोंडात धरून दाबला तर बरंचसं औषध जिभेवर आणि घशात आपटतं. स्पेसर लावला की ते नळीत तरंगतं आणि श्वासाबरोबर खोल जातं. निदान हे पंधरा दिवस तरी मोठ्या माणसानेही स्पेसरच वापरावा. तरुण मुलं लाजतात. लाजू नका, तेच औषध दुपटीने उपयोगी पडतं.

पंप नवीन असेल किंवा आठवडाभर वापरला नसेल, तर आधी हवेत दोन-चार फवारे सोडा (नेमका आकडा आतल्या माहितीपत्रकात असतो). मग:

1. टोपण काढा, आत धूळ किंवा एखादं नाणं-पिन नाही ना ते बघा. खिशात, पर्समध्ये ठेवलेल्या पंपात हे हमखास असतं.
2. पंप जोरात पाच-सहा वेळा हलवून स्पेसरला लावा.
3. ताठ बसा. तोंडाने श्वास सावकाश पूर्ण बाहेर सोडा.
4. स्पेसरचं तोंड दातांच्या मध्ये धरून ओठ गच्च मिटा. लहान मुलाला मास्क नाक-तोंडावर हवा निसटणार नाही असा बसवा.
5. एकदाच दाबा. लगेच सावकाश, तीन ते पाच सेकंद घेत श्वास ओढा. स्पेसरने शिट्टी वाजली तर तुम्ही फार जोरात ओढताय.
6. दहापर्यंत मोजत श्वास धरा. धाप असेल आणि धरवत नसेल, तर त्याऐवजी स्पेसरमध्येच साधे पाच-सहा श्वास घ्या. मुलांना हेच सोपं.
7. दुसरा पफ हवा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबा, पंप पुन्हा हलवा, पुन्हा पहिल्यापासून.

दोन पफ एकदम स्पेसरमध्ये सोडणं ही नेहमीची चूक. थेंब एकमेकांवर आदळून मोठे होतात आणि भिंतीला चिकटतात. रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर मास्क दाबणं ही दुसरी. रडताना औषध घशातच राहतं. मांडीवर घेऊन, गोष्ट सांगत, किंवा गाढ झोपेत द्या.

स्टिरॉइडचा पंप झाला की चूळ भरून थुंका. घशात गुळण्या करा, पाणी गिळू नका. नाहीतर जिभेवर पांढरा थर येतो, आवाज बसतो, आणि मग दोष पंपावर जातो.

स्पेसर धुणं हा वेगळा विषय. प्लॅस्टिकच्या स्पेसरला कपड्याने पुसलं की त्यावर स्थिर वीज साठते, औषधाचे कण आतल्या भिंतीकडे ओढले जातात आणि तोंडात कमी येतं. नवा स्पेसर आणि नंतर महिन्यातून एकदा, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकलेल्या कोमट पाण्यात बुडवा, पंधरा मिनिटांनी बाहेर काढून तसाच उभा निथळत ठेवा. आतून पुसू नका, साबणाचा पातळ थर राहू द्या. तोंडाला लागतो तो भाग तेवढा पाण्याने धुवा. झडप वाकडी झाली, प्लॅस्टिकला तडा गेला, तर बदला. तसंही सहा महिने ते वर्षभरात बदलायचाच.

रोटाहेलरसारखं कॅप्सूलचं यंत्र वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. श्वास सोडताना यंत्र तोंडापासून दूर न्या. फुंकरीच्या दमटपणाने पावडरीचे गोळे होतात आणि पुढच्या ओढीला बाहेर येत नाहीत. दुसरं, ओढून झाल्यावर यंत्र उघडून कॅप्सूलचे तुकडे उजेडात धरा. पांढरी पूड दिसली तर पुन्हा ओढा. ही पावडर जोरात आणि खोल ओढावी लागते, पंपासारखी सावकाश नव्हे. म्हणूनच मोठ्या झटक्यात दम नसलेल्या माणसाला ती पुरत नाही, आणि अडीनडीला स्पेसर-पंपच हाताशी हवा. कॅप्सूल गिळायच्या नसतात, हे सांगायची वेळ अजून येते. पावसाळ्यात कॅप्सूल डब्यातून काढून ठेवू नका. फ्रिजमध्ये किंवा न्हाणीघराच्या फळीवर तर नकोच.

पहिल्या दोन रात्री

पेशंटला एकटं झोपवू नका. निदान एकाची झोप हलकी असावी. डोकं आणि पाठ दोन-तीन उशांवर चढवून, अर्धवट बसल्यासारखं झोपवा. मानेखाली एकच उंच उशी ठेवली तर हनुवटी छातीवर येते आणि श्वास आणखी अडतो, म्हणून उशा कमरेपासून चढत्या लावा. रात्रीचं जेवण झोपेच्या निदान दोन तास आधी आणि हलकं. तट्ट भरलेलं पोट छाती आणि पोटामधल्या पडद्याला खालून ढकलतं, आणि आंबट वर आलं तर खोकला सुरू होतो. पंप, स्पेसर, पाण्याचा तांब्या, टॉर्च हे उशाशी, कपाटात नव्हे. वीज गेली तर नेब्युलायझर निकामी होतं, म्हणून घरी नेब्युलायझर असला तरी पंप उशाशी हवाच. तसंही, हलक्या-मध्यम त्रासात स्पेसरमधून नीट घेतलेला पंप नेब्युलायझरइतकाच काम करतो.

आराम देणारा पंप सहसा गरज पडेल तेव्हा घ्यायचा असतो. किती वेळा लागला ते कागदावर वेळेसह लिहा. दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा कमी आणि तिसऱ्या दिवशी त्याहून कमी लागला पाहिजे. आकडा चढत असेल तर अंदाज बांधत बसू नका, फोन करा. पंपानंतर हात थरथरणं, छातीत धडधडणं ही साल्ब्युटामॉलची ओळखीची लक्षणं आहेत, थोड्या वेळात उतरतात. धडधडतंय म्हणून पंप टाळणं आणि दम सहन करणं हा उलटा हिशेब.

फुंकर मारून मोजायची नळी

पीक फ्लो मीटर ही साधी प्लॅस्टिकची नळी. घरात दमा असेल तर ती असावीच, असं आमचं ठाम मत आहे. माणूस स्वतःला बरं वाटतंय म्हणतो तेव्हाही नळी खाली पडलेला आकडा दाखवते. पाच-सहा वर्षांवरच्या मुलाला शिकवता येते.

काटा शून्यावर आणा. उभे राहा. छाती भरून श्वास घ्या, ओठ नळीभोवती गच्च मिटा आणि केकवरची मेणबत्ती विझवताना मारतो तशी, पण शक्य तितकी जोरदार आणि झटक्याची फुंकर मारा. लांबलचक नको, पहिला धक्काच मोजला जातो. बोट काट्याच्या वाटेत येत नाही ना बघा. तीनदा करा, सगळ्यात मोठा आकडा लिहा. सरासरी काढू नका. रोज सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा पंप घेण्याआधी.

तो आकडा कशाशी ताडायचा? स्वतःच्या चांगल्या दिवसांतल्या सर्वांत मोठ्या आकड्याशी. समजा तो ४०० आहे. ३२० किंवा वर असेल तर ठीक. २०० ते ३२० मध्ये असेल तर सावध राहा, कागदावरचा उपाय सुरू करा आणि डॉक्टरांना कळवा. २०० च्या खाली गेला तर आधी पंप, आणि लगेच दवाखाना. झटक्यानंतर पहिले काही दिवस आकडा खाली असणारच, तो रोज थोडा वर सरकतोय का हे बघायचं. संध्याकाळी ३४० आणि सकाळी २५० असा मोठा झोल रोज पडत असेल, तर दिवसा कितीही बरं वाटलं तरी नळ्या अजून चिडलेल्या आहेत.

घरात

धूर आधी बंद. सिगारेट, विडी घरात नको, गॅलरीतही नको. कपड्यांना लागून ती आत येते. उदबत्ती, धूप, कापूर पंधरा दिवस विश्रांतीवर. देवापुढे निरांजन लावा. मच्छर अगरबत्ती तर मुळीच नको: एका कॉइलमधून बाहेर पडणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असल्याचं २००३ साली छापून आलेल्या संशोधनात मोजलं गेलं. तिच्या जागी मच्छरदाणी. मिरच्या भाजणं, मसाला करणं, तळण पुढे ढकला. फोडणी देताना पेशंट दुसऱ्या खोलीत, दार लोटलेलं, स्वयंपाकघराची खिडकी उघडी आणि पंखा बाहेर हवा टाकणारा. चूल असेल तर काही दिवस गॅसवर भागवा. शेताकडे पाचट पेटवलं जात असेल तेवढा वेळ खिडक्या बंद.

पावसाळ्यात कोकणात, मुंबईत, घाटमाथ्यावर झटक्यानंतर पुन्हा बिघडण्यामागे ओल हे मोठं कारण. भिंतीवरची काळी बुरशी कोरड्या झाडूने खरवडू नका, बीज सगळ्या घरात उडतं. पेशंट घराबाहेर असताना दुसऱ्या कुणीतरी तोंडाला फडकं बांधून साबणाच्या ओल्या फडक्याने पुसावी, आणि ते फडकं फेकून द्यावं. ब्लीच आणि संडास धुवायचं अॅसिड एकत्र करू नका. त्यातून निघणारा वायू चांगल्या फुप्फुसांनाही जाळतो. ओले कपडे पेशंटच्या खोलीत वाळत घालू नका. पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढा. रंगकाम, पेस्ट कंट्रोल, माळ्यावरची आवराआवर हे सगळं नंतर. ट्रंकेतून काढलेली गोधडी धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच अंगावर. चादरी, उशांचे अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात, शक्यतो ६० अंशांच्या आसपास, धूळकिडे त्यात मरतात. झाडण्याऐवजी ओलं पुसा.

खाणं, आणि घरोघरचे सल्ले

केळं, दही, ताक, भात बंद, हे पथ्य बहुतेक घरी न विचारता सुरू होतं. एखाद्या पदार्थाने त्रास होतो हे आधी पक्कं दिसलं असेल तर तो सोडा. नाहीतर जे रुचतं ते थोडं थोडं, चार-पाच वेळा खायला द्या. कोमट पाणी, पेज, मुगाचं कढण बरं वाटतं म्हणून द्या, औषध म्हणून नव्हे. कफ सुटायला पुरेसं पाणी लागतं एवढंच.

मुलांना उकळत्या पातेल्यावर वाफ देऊ नका. दम्याची सूज वाफेने उतरत नाही, आणि पातेलं कलंडून भाजलेली मुलं येतात ती मोठ्या दुःखाची गोष्ट. बाम, कापूर, निलगिरीच्या उग्र वासाने काहींची छाती आणखी आवळते. कपालभाती, भस्त्रिका हे पंधरा दिवस बाजूला ठेवा. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडणं मात्र चालतं, धाप लागल्यावर जीव शांत व्हायला मदतही होते. खोकला दाबणारी सिरपं, झोपेच्या गोळ्या नकोत. अंगदुखी-तापाला पॅरासिटामॉल घ्या. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकने काही दमेकऱ्यांना झटका येतो. रक्तदाब किंवा मायग्रेनच्या गोळ्यांत, काचबिंदूच्या थेंबांत बीटा-ब्लॉकर (श्वासनळ्या आवळू शकणारं औषध) आहे का तेही डॉक्टरांना विचारा. आणि दर वेळी अँटिबायोटिक लागतंच असं नाही, बहुतेक झटके सर्दीच्या विषाणूने सुरू होतात.

'पंपाची सवय लागते' हे वाक्य घरातल्या वडीलधाऱ्यांकडून हमखास येतं. त्यांना सांगा: गोळीतून ४० मिलिग्रॅम स्टिरॉइड सगळ्या अंगात जातं, पंपाच्या एका पफात साधारण १०० ते २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा पाचवा किंवा दहावा भाग, आणि तोही थेट नळीत. गरोदर बाईनेही पंप सोडायचा नाही. आईचा दम कोंडला की पोटातल्या बाळाचाही ऑक्सिजन कमी होतो.

कामावर, शाळेत

पहिले दोन-तीन दिवस घरातल्या घरात. मग सपाट रस्त्यावर दहा मिनिटं. रात्र न उठता गेली, आराम देणारा पंप क्वचितच लागतोय आणि एक मजला बोलत बोलत चढता आला, की साधं काम सुरू करायला हरकत नाही. बेकरीचं पीठ, सुतारकाम, गाडीचा स्प्रे-पेंट, कापूस, रसायनं अशा ठिकाणी काम असेल आणि सुट्टीच्या दिवशी छाती मोकळी वाटत असेल, तर हे डॉक्टरांना जरूर सांगा. दम्याचं मूळ तिथे असू शकतं. मुलाच्या दप्तरात पंप आणि स्पेसर हवा आणि वर्गशिक्षिकेला तो कसा द्यायचा ते एकदा हातात धरून दाखवलेलं हवं. फळ्याजवळचा बाक नको, आठवडाभर मैदान नको, एवढंही त्यांना सांगा.

परत दाखवायला जाताना

मोठ्यांनी दोन ते सात दिवसांत, मुलांना एक-दोन दिवसांत, बरं वाटत असलं तरी. रिकाम्या हाताने जाऊ नका. सगळे पंप, स्पेसर, दवाखान्याचा कागद, पीक फ्लोची वही एका पिशवीत न्या. डॉक्टरांसमोर पंप ओढून दाखवा. तोंडी 'हो, नीट घेतो' म्हटलं की चूक कधीच सापडत नाही. रोजच्या पंपाचा डोस किती आठवडे वाढवलेला ठेवायचा, आणि छाती पुन्हा भरायला लागली तर कोणत्या आकड्याला काय करायचं, हे एका पानावर लिहून घ्या. फ्लूची लस कधी घ्यायची ते त्याच वेळी विचारा.

ते पान फ्रिजवर चिकटवा. त्याचा मोबाइलवर फोटो काढून घरातल्या सगळ्यांना पाठवा, रात्री घरी कोण असेल सांगता येत नाही. नवा पंप उघडलात की त्यावर मार्करने संपायची तारीख घाला: १२० पफांचा पंप सकाळी दोन, रात्री दोन असा बरोबर तीस दिवस चालतो. आकडा दाखवणारा पंप नसेल तर हीच एक खात्रीची मोजणी. हलवून बघणं किंवा डबी पाण्यात बुडवून तरंगते का ते बघणं उपयोगाचं नाही. औषध संपल्यावरही आतला वायू फुसफुसत राहतो, आणि रिकामा पंप ओढत माणूस रात्र काढतो. तारखेच्या पाच दिवस आधी दुसरा आणून ठेवा.